कोपरचा जिना

कोपर स्थानकाला दोन मजले आहेत : खाली कल्याणकडे जाणारी लोकल, वर दिवा–वसई मार्ग. माहेरी वसईला जायचे तर मधला जिना चुकत नाही. त्याच जिन्यावर एका सकाळी कमरेपासून पोटरीपर्यंत कळ उतरली. मणक्यांमधील गादी सरकून शिरेवर दाब आल्याचे एमआरआयमध्ये दिसले.

एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली, दुसऱ्यांनी थांबण्यास सांगितले. घरातही दोन तट पडले; सासूबाईंचा तिसरा, तेल चोळण्याचा! नेदरलँड्समध्ये अशाच २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केल्यास वेदना लवकर शमतात. वर्षअखेर मात्र दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागलीच.

क्रूसाचे नाव घेऊन दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती मान्य नाही. पाऊल लुळे पडले वा लघवीवरील ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, असे घरच्यांना बजावले आणि मग थांबले. अंथरूण धरले नाही. औषधे, व्यायाम, थोडे चालणे.

परवा वडिलांच्या पुण्यस्मरणाच्या मिस्सेसाठी तो जिना चढले, कठडा धरून. मिस्सेत गुडघे मात्र टेकले नाहीत, उभीच राहिले.