शेवटचा साक्षीदार

एका माजी मंत्र्याच्या अपसंपदेच्या केसमध्ये मी तपास अधिकाऱ्यांची रायटर होते. आधी गोपनीय चौकशी झाली, मग उघड चौकशी, मग गुन्हा दाखल, घरझडती, दोषारोपपत्र. लाचलुचपत प्रतिबंधक विभागातल्या या सगळ्या टप्प्यांवर अधिकारी एकच होते, आमचे उपअधीक्षक साहेब. जबाब त्यांनी घेतले, टंकले मी. डायरी त्यांनी सांगितली, लिहिली मी. खटला उभा राहायची वेळ आली तेव्हा मात्र साहेब खात्यात नव्हते. वयाची 58 वर्षं पूर्ण झाली त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते निवृत्त झाले. तोवर केसमध्ये आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती.

दोषारोपपत्र कोर्टात जाऊन बरीच वर्षं लोटली होती. आधी माजी मंत्र्यांनी दोषमुक्तीचा अर्ज केला. तो फेटाळल्यावर हायकोर्ट. तिथून कागद परत आले तेव्हा त्यांच्या पत्नीचा अर्ज, मग भावाचा. प्रत्येक अर्ज कायद्याने दिलेला हक्क आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली. खटला 2 वर्षांत संपवायचा प्रयत्न व्हावा, मुदत वाढवली तरी एकूण काळ एरवी 4 वर्षांपलीकडे जाऊ नये, असं त्यात आलं. आमच्या कोर्टात तारखा पडतच राहिल्या. त्यात तपास अधिकाऱ्याची साक्ष रिवाजाने सगळ्यांच्या शेवटी होते. आधी पंच, तलाठी, बँकेचे मॅनेजर, बांधकाम विभागाचे अभियंते, सगळे होऊन जाऊ द्यायचे. साहेबांच्या निवृत्तीची तारीख त्यांच्या सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती. आम्हाला ती ठाऊक होती, तशीच समोरच्या वकिलांनाही.

कपाटात कागद होते, मग माणूस गेल्याने काय बिघडतं, असं मला बाहेरच्या अनेकांनी विचारलं. त्यासाठी द्राक्षांची गोष्ट सांगावी लागेल.

अपसंपदेच्या केसमध्ये परीक्षण कालावधी ठरवतात. त्या काळातलं उत्पन्न, खर्च आणि मालमत्ता यांचा ताळा बसतो का ते बघतात. मालमत्ता सापडते, कारण सात-बारा, फेरफार, दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक 2 हे सगळं सरकारी दप्तरात असतं. खरी झुंज उत्पन्नावर होते. आमच्या आरोपींनी उत्पन्नाचा मोठा भाग द्राक्षबागेचा दाखवला होता. व्यापाऱ्याच्या पावत्या जोडल्या होत्या, शिक्के होते, सह्या होत्या. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे हा मार्ग बहुतेक जण धरतात.

साहेब स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. पावत्यांचा गठ्ठा त्यांनी एकदा चाळला, परत चाळला आणि मला म्हणाले, "ताई, तारखा बघा." बऱ्याच पावत्या ऑगस्टच्या होत्या. आपल्याकडे ऑक्टोबरात छाटणी होते आणि माल बहुतांशी जानेवारी ते एप्रिल निघतो. भर पावसाळ्यात त्या दुष्काळी तालुक्यात ताजी द्राक्षं आली कुठून? मग साहेबांनी तलाठ्याकडून पीक पाहणीच्या नोंदी मागवल्या. त्या गटांत ज्वारी होती, काही वर्षं तर पड. वीज कंपनीकडून शेतीपंपाच्या जोडणीची तारीख मागवली. पहिल्या पावतीनंतर कितीतरी वर्षांनी जोडणी मिळालेली. कालव्याची पाणीपट्टी कधी भरलेलीच नाही.

हे तीन कागद दोषारोपपत्राच्या तीन वेगवेगळ्या खंडांत होते, कारण तिन्ही खाती वेगळी आणि उत्तरं वेगवेगळ्या महिन्यांत आली. एकापुढे एक ठेवून वाचले तरच ते बोलायचे. ते कसे ठेवायचे हे साहेबांना माहीत होतं आणि थोडंफार मला.

निरोप समारंभ नेहमीसारखाच झाला, शाल, श्रीफळ, भाषणं. त्याआधीचे आठवडे मात्र साहेब रोज उशिरापर्यंत बसत होते. प्रत्येक महत्त्वाच्या कागदासाठी त्यांनी टिपण केलं. हा का मागवला, कशाशी जोडून वाचायचा, आरोपी काय म्हणतील. परीक्षण कालावधी झडतीच्या दिवशीच का थांबवला. बंगल्यातल्या स्वयंपाक्याच्या नावावर भूखंड होता, त्याचा जबाब आपण घेऊन भागलं असतं, तरी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 164 खाली दंडाधिकाऱ्यांपुढे का नोंदवून घेतला. हा माणूस पुढे फितूर होणार हे साहेबांनी तेव्हाच ओळखलं होतं.

ही टिपणं ज्यांच्या हाती द्यायची ते अधिकारीच आलेले नव्हते. पद रिकामं राहिलं आणि दुसऱ्या युनिटच्या साहेबांकडे अतिरिक्त कार्यभार गेला. त्यांनी चार्ज रिपोर्टवर सही केली. त्यांच्याकडे स्वतःच्याच केसेसचा ढीग होता. माझी प्रतिनियुक्तीची मुदत या केससाठी वाढवून मिळाली होती, म्हणून निदान कपाटाची किल्ली कशाला लागते हे सांगणारं कोणीतरी उरलं. पद असं रिकामं राहिलं याचा मला मनापासून राग येतो. निवृत्तीची तारीख ठरलेली असते. त्याआधी वर्षभर दुसरा अधिकारी जोडीला बसवला, तर सरकारला एक पगार जास्त पडेल. एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध उभं राहायचं तर एवढी तयारी हवीच.

हे काही आमच्याच केसचं नाही. बिहारच्या चारा घोटाळ्यात सीबीआयचे यू. एन. बिस्वास यांनी तपास पुढे नेला. पाटणा हायकोर्टाच्या आदेशाने 1996 साली सीबीआयकडे आलेल्या त्या तपासातून लालूप्रसाद यादवांना पहिली शिक्षा झाली ती 2013 साली, रांचीच्या विशेष न्यायालयात. बिस्वास तोवर केव्हाच निवृत्त झालेले होते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 336 आलं आहे. अधिकारी बदलून गेला, निवृत्त झाला किंवा वारला, तर त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने त्या कागदावर साक्ष द्यायची, तीही दृकश्राव्य माध्यमातून चालेल. कागद ओळखायला, सही शाबित करायला हे ठीक आहे. पण ऑगस्टची पावती बघून तुम्हाला शंका का आली, हे नवा अधिकारी कुठून सांगणार?

आमचा खटला जुन्या संहितेखालीच चालू होता. शेवटी साहेबांना समन्स गेलं, त्यांच्या गावच्या पोलीस ठाण्यामार्फत. ते एसटीने आले. डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, बारीक टाइप वाचता येईना. कोर्टाच्या आवारात पैरवीच्या खोलीत बसून मी कागद मोठ्याने वाचायची आणि ते ऐकायचे. मध्येच हात वर करून म्हणायचे, "याच्या आधीचं पत्र वाचा." डायरीही आम्ही तिथेच वाचली. पिंजऱ्यात उभं राहून आठवणीसाठी डायरी उघडली, तर कलम 172 प्रमाणे तो भाग बचाव पक्षाला पाहता येतो. साहेबांना ती उघडायची नव्हती.

उलटतपासणी बऱ्याच तारखा चालली. समोर वकिलांची रांग होती, प्रत्येकापुढे खुणा केलेले खंड. साहेबांपुढे काहीच नाही. सुरुवातीला दोन-तीन प्रश्नांना त्यांनी "आता आठवत नाही" असं सरळ सांगितलं आणि वकिलांनी ते घाईघाईने नोंदवून घेतलं. मग द्राक्षं आली. बेदाणा वर्षभर विकला जातो, ऑगस्टच्या पावत्या बेदाण्याच्या आहेत, तुम्ही जाणूनबुजून चुकीचा अर्थ लावला, असं वकिलांनी सुचवलं.

साहेब म्हणाले, "असे म्हणणे खरे नाही." मग कोर्टाकडे वळून, "मी स्वतःहून सांगतो, पावतीवर चार किलोच्या पेटीचा दर आहे. बेदाण्याचा सौदा किलोवर होतो. आणि बेदाणा करायलाही आधी द्राक्ष लागतं. त्या वर्षी त्या गटात ज्वारी होती." पीक पाहणीचा उतारा कुठल्या खंडात आहे ते त्यांनी न बघता सांगितलं. न्यायाधीशांनी तो काढायला लावला, नंतर वीजजोडणीचं पत्र काढायला लावलं आणि दोन्ही कागद पावत्यांशेजारी ठेवून वाचले. वकिलांनी पुढचा विषय घेतला.

स्वयंपाकी त्याआधीच फितूर झाला होता. दंडाधिकाऱ्यांपुढचा त्याचा जबाब रेकॉर्डवर आहे. त्याला किती वजन द्यायचं ते कोर्ट ठरवेल.

साहेबांची साक्ष संपली. आता आरोपींचे जबाब आणि मग युक्तिवाद व्हायचे आहेत. माझी मुदत संपून मी जिल्हा पोलीस दलात परत आले. माझ्या जागी एक तरुण शिपाई आला आहे. साहेबांच्या टिपणांची वही मी त्याच्याकडून पहिल्यापासून वाचून घेतली, तिन्ही कागद त्याच्यासमोर शेजारी ठेवून. नव्या सरकारी वकिलांना युक्तिवादाच्या आधी हे दाखवायचं, असं त्याला लिहून दिलं आहे. तो दर तारखेला मला फोन करतो.