‘टेकले’

जुलैत मुंबईत उतरता उतरता विमान अचानक पुन्हा वर जातं, तेव्हा केबिनमध्ये जाम वैताग पसरतो. मीटिंग बोंबलली म्हणून सगळे पायलटच्या नावाने खडे फोडतात. मला ते जमत नाही. माझी मैत्रीण को-पायलट आहे.

पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, म्हणून विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून येत २७ नंबरच्या रनवेवर उतरतात. (२७ म्हणजे २७० अंश, थेट पश्चिम.) वारा समोरून असला की बरं. पण जोराची सर आली की तो फिरतो, आणि ठरलेल्या उंचीवर रनवे दिसला नाही तर ‘गो-अराउंड’. तिथे चर्चा नाही. आणि ते धाडकन लँडिंग? ओल्या रनवेवर ते मुद्दाम करतात, चाकांनी पाण्याचा थर फोडावा म्हणून. अलगद टेकवलं तर टायर पाण्यावरच घसरू शकतात. १ जुलै २०१९ च्या रात्री भर पावसात एक विमान याच रनवेच्या पुढे गेलं. सगळे वाचले, मुख्य रनवे मात्र काही दिवस बंद राहिला.

तेव्हापासून सर आली की मैत्रिणीची आई मोबाइल हातात धरून बसते. उतरल्यावर हिचा एकच शब्द येतो: ‘टेकले’. परवा तो चाळीस मिनिटं उशिरा आला.

“कुठे होतीस गं?”

“वरच होते, आई.”