पहाटे तीनचा स्टॅक ट्रेस



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय जरा रुक्ष आहे, पण आपल्यातले निम्मे लोक रात्री-अपरात्री फोन खणखणला की लॅपटॉप उघडणारे, म्हणून धीर करतो.

तीनेक वर्षांपूर्वी पहाटे तीनला आमचा पगाराचा जॉब कोसळला. लॉगमध्ये जावाचा लांबलचक स्टॅक ट्रेस, सगळ्यात वर एका नवीन सहकारी मुलीच्या क्लासचं नाव. मी डोळे चोळत मेल ठोकली, "तुझ्या कोडमुळे पडलंय." सीसीत मॅनेजर!

सकाळी तिने सर्व्हरवरची पूर्ण फाइल काढून दाखवली. जावा मूळ कारण ‘कॉज्ड बाय’ म्हणून खाली छापतं, आणि आमचं लॉगिंग पहिल्या पन्नास ओळींनंतर कात्री लावायचं. कापलेल्या भागात कारण होतं: तारीख वाचणारी माझी मेथड. तिने बिचारीने माझीच चूक पकडून, नीट गुंडाळून वर पाठवली होती. ती एच-वनवर. नोकरी गेली तर 60 दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. मी सगळ्यांना सीसी ठेवून माफी मागितली, पण ती मेल अजून टोचते.

गेल्या वर्षी हिशोबवाल्या मंडळींसाठी नियम लिहायची एक छोटी भाषा बनवायचं ठरलं, तेव्हा एरर कशी दिसावी हे काम मी मागून घेतलं.

पहिला वाद क्रमाचा. जावा शेवटचा कॉल वर छापतं, पायथन खाली. रुबीने 2017 मध्ये (2.5) टर्मिनलवर क्रम उलटा केला, लॉगमध्ये मात्र जुनाच ठेवला. 2020 मध्ये (3.0) पुन्हा पहिल्यासारखं! आम्ही धडा घेतला: क्रम कुठलाही ठेवा, पण सगळीकडे एकच.

मूळ कारण पहिल्या ओळीत, आणि ते कधीही कापायचं नाही. मग फक्त वापरणाऱ्याच्या स्वतःच्या ओळी. आमच्या आतल्या ओळी मिटलेल्या, पण किती मिटल्या ते सांगायचं. पायथन 3.11 (2022) ओळीतल्या नेमक्या तुकड्याखाली खुणा करतं, जावा 15 (2020) पासून नल नक्की काय होतं ते आपणहून सांगतं. दोन्ही कल्पना उचलल्या.

शेवटी मॅनेजर म्हणाले, प्रत्येक ओळीशेजारी ती कोणी लिहिली त्याचं नावही छापू, शोधायला सोपं. मी ठाम नको म्हटलं. पहाटे तीनला माणूस आधी नाव वाचतो, चूक नंतर.

तुमच्याकडे काय पद्धत आहे, जरूर कळवा.

आपला,
एक एडिसनकर