सुतळीचा गुंडा

डेन्व्हर ते कॅन्सस सिटी हे अंतर सहाशे मैलांचं. वाटेत गव्हाच्या शेतांशिवाय बघण्यासारखं काही नाही, असं खुद्द तिथे राहणारेच सांगतात. तरीही नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आजींना विमानाने नाही, मोटारीनेच न्यायचं, असा हट्ट दहा वर्षांच्या नातीने धरला. तिने नकाशावर तीन लाल खुणा करून ठेवल्या होत्या.

"काय आहे गं तिथे? देऊळ की धबधबा?" आजींनी विचारलं.

"गंमत आहे!" एवढंच उत्तर मिळालं.

मुलगा काही न बोलता सामान भरत होता. गेली दोन वर्षं त्याच्यात आणि आजींच्यात कामापुरतंच बोलणं होत असे. भांडण झालेलं नव्हतं. पण आजी त्याच्या घरात पाहुण्यासारख्या वावरत. जॅमची रिकामी बाटली हातात घेऊन सुनेला विचारत, "ही ठेवू की टाकू?" सुनेला ते ऐकून कसंसंच होई.

पहिली खूण होती ला क्रॉस या लहानशा गावावर. तिथे चक्क काटेरी तारेचं संग्रहालय निघालं! हातभर लांबीचे तारेचे तुकडे फळ्यांवर ओळीने लावलेले. दोन हजारांहून जास्त प्रकार.

"आपल्या मळ्याला होती, तीच ना ही?" आजी नवलाने म्हणाल्या.

त्यामागची हकिगत मात्र ऐकण्यासारखी होती. या माळरानावर झाडं नव्हती, त्यामुळे कुंपणाला लाकूड मिळेना. १८७४ साली इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने आपल्या काटेरी तारेचं पेटंट घेतलं. मग ज्याने त्याने आपापल्या परीने तारेला पीळ घातला आणि वेगळा काटा बसवला. लाकडाच्या खांबांऐवजी तिथल्या शेतकऱ्यांनी चुनखडीच्या दगडाचे खांब रोवले. त्या दगडाचं संग्रहालय शेजारीच आहे.

आजी मात्र एका कोपऱ्यात थबकल्या. तिथे कावळ्याचं घरटं होतं, तारेच्या तुकड्यांनी विणलेलं.

"काडी मिळाली नाही, तर मिळालं त्यातच संसार मांडला बिचाऱ्याने," त्या म्हणाल्या.

रात्री हेजच्या मोटेलात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सगळे ल्युकसला पोचले. अमेरिकन यादवी युद्धात लढलेल्या सॅम्युएल डिन्समूर यांनी साठी उलटल्यावर तिथे घर बांधलं आणि अंगणात सिमेंटची झाडं, सिमेंटची माणसं उभी केली. आदम आणि ईव्हही तिथे आहेत. १९३२ साली ते वारले. त्यांनी स्वतःच तयार करून ठेवलेल्या काचेच्या झाकणाच्या शवपेटीत त्यांचा देह आजही आहे.

"आई, तुम्ही आत येऊ नका," सून म्हणाली.

"का? मेलेल्या माणसाला काय घाबरायचं?" असं म्हणून आजी सरळ आत गेल्या. नात मात्र त्यांच्या पदराआड लपली.

तिसरी खूण उत्तरेला तासाभरावर होती. कॉकर सिटी नाव मोठं, पण गाव जेमतेम एका रस्त्याचं. पदपथावर सुतळीची रेघ रंगवलेली होती. दुकानांच्या खिडक्यांतल्या चित्रांतही सुतळीचा गुंडा. आणि रस्त्याकडेला एका छपराखाली, माणसापेक्षा उंच, हत्तीएवढा, खराखुरा सुतळीचा गुंडा!

आजी जागीच उभ्या राहिल्या.

गवताचे गठ्ठे बांधायची घायपाताची सुतळी. फ्रँक स्टोबर या शेतकऱ्याच्या कोठारात तिचे तुकडे पडलेले असत. १९५३ साली त्याने ते फेकण्याऐवजी गुंडाळायला सुरुवात केली. १९६१ साली त्याने तो गुंडा गावाला देऊन टाकला. १९७४ साली तो गेला, पण गुंडा वाढतच राहिला. दर ऑगस्टमध्ये गावकरी जमून त्यावर सुतळी चढवतात. आता त्याचं वजन नऊ हजार किलोंच्या वर गेलं आहे.

मुलाने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

नाशिकच्या माजघरात खुंटीला असाच एक गुंडा होता, नारळाएवढा. वाण्याच्या पुड्यांचे दोरे. आजींच्या सासूबाईंनी सुरू केलेला, आजींनी वाढवलेला. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायला, गौरीचे हार ओवायला, मुलाच्या जुन्या पुस्तकांचे गठ्ठे बांधायला दोरा त्यातूनच निघे. दोन वर्षांपूर्वी वाडा बिल्डरला दिला, तेव्हा मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता. "आई, हा कचरा कशाला साठवलास?" असं म्हणत त्याने तो भंगाराच्या पोत्यात टाकला होता. आजी तेव्हा काही बोलल्या नव्हत्या.

गावातल्या एक बाई सुतळीचं रीळ घेऊन आल्या. पाहुण्यांनीही थोडी सुतळी गुंडाळायची, अशी इथली रीत. मिनेसोटातल्या डार्विन गावातही असाच प्रचंड गुंडा आहे, असं त्यांनी सांगितलं. फ्रान्सिस जॉन्सन यांनी तो १९५० पासून २९ वर्षं एकट्याने गुंडाळला. आता तो काचेआड आहे, त्यात भर पडत नाही.

मुलाने रीळ घेतलं आणि सुतळीचं टोक आईपुढे धरलं.

"आई, गाठ तूच मार. माझी सुटेल."

आजींनी जुन्या टोकाला नवं टोक जोडून गाठ मारली. मुलगा रीळ घेऊन गुंड्याभोवती फिरू लागला. एक फेरी, दोन, तीन. चौथ्या फेरीला तो आईपाशी थांबला.

"चुकलंच माझं. तुला विचारायला हवं होतं."

"पंधरा दिवसांत तू तरी काय काय करणार होतास?" आजी म्हणाल्या. "पण हो, वाईट वाटलं होतं."

नातीला काहीच कळलं नाही. "बाबा, आता माझी पाळी!" म्हणत तिने रीळ ओढून घेतलं.

मोटार सुरू झाली, तेव्हा आजींच्या हातात वीतभर सुतळी उरली होती. त्यांनी सवयीने सुनेला विचारलं, "ही ठेवू की टाकू?"

उत्तर पुढच्या सीटवरून आलं, "ठेव, आई. घरी गेल्यावर गुंडाळायला सुरुवात करू."