वकिलाची पहिली नोकरी

साताऱ्यात बँकेत असताना वसुलीच्या दाव्यांसाठी एका लहानशा वकील कार्यालयात माझे जाणे-येणे असे. तेथे तिघे वकील होते. एक पूर्वाश्रमीचे तलाठी. सातबारा आणि फेरफार त्यांना मुखोद्गत. दुसऱ्यांच्या घरी वकिली पिढीजात. तिसरे एम.कॉम. होऊन सांगलीच्या अडत पेढीवर हिशेब लिहिलेले.

निवृत्तीनंतर धाकट्या भावाची हळदीची उधारी थकली. मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची तीन वर्षांची मुदत उलटली होती. पहिल्या दोघांनी नकारार्थी मान हलविली. तिसऱ्यांनी खातेवही मागविली आणि मुदतीच्या आत देणेकऱ्याने सही करून दिलेली ‘बाकी मान्य’ ही नोंद नेमकी काढली. 1963 च्या मुदत कायद्याच्या 18 व्या कलमानुसार त्या सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. दावा वेळेत दाखल झाला. उभे आयुष्य बँकेत काढूनही ती नोंद माझ्या नजरेतून निसटली होती, याची खंत वाटते.

आपल्या समाजाचे अण्णासाहेब लठ्ठे वकील होते, आणि 1937 मध्ये ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्रीही झाले. वकील निवडताना पदवी अवश्य पाहावी. पण त्यापूर्वी त्यांनी कोणते काम केले, हेही आदराने विचारावे. आणि वर्षअखेरीस बाकीवर सही घ्यावयास संकोचू नये.