फातोर्डाचे दोन रविवार

परवा कचेरीत चहाच्या वेळी पुन्हा तोच विषय निघाला. आमचा एक मडगावकर सहकारी मला नेहमी चिडवतो, "तूं पेडणेकार! तुका फुटबॉलांतलें कितें कळटा? तुमी दशावतार पळोवपी मनीस!" एरवी मी हसून सोडून देतो. या वेळी मात्र घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेले नाही. म्हटले, एकदा लिहूनच टाकावे.

तसे पाहिले तर त्याचे अर्धे बरोबर आहे. गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रज धर्मगुरूने, १८८३ साली, आणि आणला कुठे, तर शिवोलीत! शिवोली म्हणजे आमच्या समोरचाच काठ. मध्ये शापोरा नदी, आणि पलीकडे चोपडे, म्हणजे आमचा पेडणे तालुका. इतक्या जवळ आलेला हा खेळ ती नदी ओलांडून आमच्या गावात यायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली असावीत. माझ्या लहानपणी गावात व्हॉलीबॉल होता, कबड्डी होती, भात कापून झाल्यावर रिकाम्या शेतात क्रिकेट होते. फुटबॉल म्हणजे 'साष्टीचा खेळ', 'पाद्रींच्या शाळेतला खेळ' असेच मोठी माणसे म्हणायची.

आमच्या घरात तो आला खाणीच्या वाटेने. बाबा खनिजाचा ट्रक चालवायचे. त्यासाठी आम्ही पेडणे सोडून डिचोलीला बिऱ्हाड केले. साळगावकर, धेंपो, सेसा ही नावे मी मैदानावर ऐकण्याआधी खाणीच्या संदर्भात ऐकली आहेत. बाबा संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत तांबडे होऊन यायचे आणि आंघोळ करता करता म्हणायचे, "आमी हांगा धुल्ल खातांव, आनी थंय गोल जातात!" यात तक्रार नव्हती, थोडा अभिमानच होता. गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास लिहिणाऱ्यांनी डिचोलीच्या या धुळीचा हिशेब कुठेतरी मांडायला हवा, असे मला अजूनही वाटते. खेळाडू साष्टीचे, तिसवाडीचे, वास्कोचे असतील. पण क्लब चालवायला लागणाऱ्या पैशात आमच्या मातीचाही वाटा होता.

१९९० साली गोव्याने फातोर्ड्यावर संतोष ट्रॉफी जिंकली तेव्हा बाबा ट्रकवाल्या मित्रांबरोबर मॅचला गेले होते. मला नेले नाही म्हणून मी रात्रभर रडलो होतो. तेव्हापासून जे वेड लागले ते लागलेच.

आता माझी मते सांगतो. पण त्याआधी माझे माप कोणते तेही सांगायला हवे, कारण ते दशावतारातूनच आलेले आहे. (मडगावकर मित्रा, हस खुशाल!) दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे ठरतात, बाकी सगळे रंगमंचावर आयत्या वेळी. त्यामुळे धयकाल्याला पहाटेपर्यंत जागणारा आमचा प्रेक्षक नटाला कसे पारखतो? ज्याचा आवाज मोठा तो मोठा नट, असे नव्हे. समोरचा नट अडखळला, त्याचा शब्द हरवला, की जो त्याला सावरून घेतो आणि प्रेक्षकांना पत्ताही लागू देत नाही, तो खरा नट. मी फुटबॉल याच नजरेने पाहत आलो आहे.

या मापाने माझा पहिला मान ब्रह्मानंद शंखवाळकरांना. ताळगावचा हा गोलकीपर भारताचा कप्तान झाला, १९९७ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. गोव्याने १९८३ साली बंगालबरोबर संयुक्तपणे आणि १९८४ साली एकट्याने संतोष ट्रॉफी जिंकली तो त्याचाच काळ. मी त्याला ऐन भरात पाहिलेला नाही, मी लहान होतो. पण आमच्या घरात त्याचे नाव देवाच्या खालोखाल होते. बाबा म्हणायचे, मागे ब्रह्मानंद उभा आहे म्हटल्यावर पुढचे दहाजण चूक करायला भीत नसत. गोलकीपरची याहून चांगली व्याख्या मी नंतर कुठे ऐकली नाही.

ब्रुनो कुतिन्हो माझा कॉलेजच्या दिवसांतला हिरो. १९९८-९९ साली साळगावकरने राष्ट्रीय लीग जिंकली. ती जिंकणारा गोव्यातला तो पहिला क्लब. पुढे २००१ साली ब्रुनोलाही अर्जुन मिळाला. गोल मारणारे पुष्कळ असतात. गोल कुठून मारायचा आहे हे बॉल येण्याआधीच ठाऊक असलेले थोडे. ब्रुनो त्या थोड्यांतला.

प्रशिक्षकांत मात्र माझे मत एकच, आर्मांदो कुलासो. २००४-०५ ते २०११-१२ या काळात धेंपोने पाच वेळा देशाची लीग जिंकली, दोनदा राष्ट्रीय लीग आणि तीनदा आय-लीग, पाचही वेळा प्रशिक्षक तोच! आमच्यातले काहीजण म्हणायचे की रँटी मार्टिन्स आणि बेटोसारखे परदेशी खेळाडू असले की कुणीही जिंकेल. मला ते पटत नाही. परदेशी खेळाडू इतरांकडेही होते. धेंपोकडे समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा हा गोंयकारांचा कणा होता, आणि तो वर्षानुवर्षे एकत्र राहिला. एक चुकला तर दुसरा कुठे उभा असेल हे त्यांना न बघता कळायचे. हाच तर दशावतार!

याच धेंपोने दुःखही मोठे पाहिले. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात दोन गोल करणारा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर गोलकीपरशी टक्कर होऊन कोसळला आणि उठलाच नाही. कप गोव्यात आला, पण तो मिरवावासा कुणाला वाटला नसेल. त्या दिवशी मी समोरच्या तरुण गोलकीपरला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या होत्या. तोही एक पोरगाच होता आणि ती रात्र त्यालाही काढायची होती, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षे गेली.

आणि आता मुख्य गोष्ट. ती सांगताना अजूनही लाज वाटते.

२० डिसेंबर २०१५, रविवार. फातोर्ड्यावर आयएसएलची फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. आमचा प्रशिक्षक साक्षात झिको! मी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन डिचोलीहून गेलो होतो. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल मारला, गोवा २-१. मी पोराला खांद्यावर घेऊन नाचलो. आणि ९०व्या मिनिटाला आमचाच गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्याकडून बॉल आपल्याच जाळ्यात गेला. २-२. पाठोपाठ मेंडोझाचा गोल. ३-२. संपले.

मी कट्टीमणीला उद्देशून जे ओरडलो ते इथे लिहिता येणार नाही. आजूबाजूचेही ओरडत होते, पण त्यांचे त्यांनी बघावे. परत येताना बाणस्तारीच्या आसपास मागच्या सीटवरून पोराने विचारले, "बाबा, तो मनीस वायट?"

मी म्हटले, "हय."

झिकोबद्दल तेव्हा आम्ही खूप बोललो. याने बदल उशिरा केले, याने बचाव उघडा ठेवला वगैरे. पण पुढे एकदा १९८६च्या वर्ल्ड कपमधला ब्राझील-फ्रान्स सामना पाहिला. १-१ अशी बरोबरी असताना झिकोने पेनल्टी घालवली आणि नंतर ब्राझील शूटआउटमध्ये बाहेर गेले. तेव्हा वाटले, त्या रात्री फातोर्ड्यावर कट्टीमणीचे दुःख कुणाला नेमके कळले असेल तर ते या माणसाला. त्याच ब्राझीलचा बार्बोसा नावाचा गोलकीपर होता. १९५०च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेकडून हरल्याचा दोष त्याच्या माथी बसला, आणि २००० साली मरेपर्यंत तो पुसला गेला नाही. पन्नास वर्षे! आम्ही प्रेक्षक असे निवाडे देतो आणि घरी जाऊन जेवतो.

झिकोनंतर आलेला लोबेरा मला जास्त आवडला, तो नुसत्या सुंदर खेळासाठी किंवा कोरोमिनासच्या गोलांसाठी नव्हे. विंगवर खेळणाऱ्या म्हापशाच्या मंदार राव देसाईला त्याने मागे आणून लेफ्ट बॅक केले. पुढे धावण्याची सवय असलेल्याला मागे आणले की सुरुवातीला चुका होणारच. त्या चुका पोटात घालून मंदारला खेळवत ठेवले म्हणून तो भारतीय संघापर्यंत पोचला. जानेवारी २०२० मध्ये, संघ वरच्या जागी असताना लोबेराला काढले, ते मला आजही पटलेले नाही. पण उरलेले काम आपल्याच क्लिफर्ड मिरांडाने हाती घेतले आणि लीग शील्ड गोव्यात आली, याचा आनंदही तितकाच.

आता दुसरा रविवार. २० मार्च २०२२. तारीख वीस, वार तोच, मैदान तेच. आयएसएलची फायनल, हैदराबाद विरुद्ध केरला ब्लास्टर्स. १-१, मग पेनल्टी. हैदराबादच्या गोलमध्ये कोण? कट्टीमणी! त्याने एक नव्हे, तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद चॅम्पियन झाले. मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो. बायकोने विचारले, "गोंय खेळना, मगीर तुज्या दोळ्यांत उदक कित्याक?" काय सांगणार? सहा वर्षांपूर्वी निवाडा देऊन मी फाईल बंद केली होती. तो मात्र रोज सकाळी उठून सरावाला जात होता. हैदराबादचा प्रशिक्षक होता मानोलो मार्केझ. तोच पुढे २०२३ साली आपल्या गोव्याकडे आला तेव्हा मला इतरांपेक्षा जास्त आनंद झाला, त्याचे कारण हे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण माझा मुलगा मोठा झाला, आणि झाला काय, तर गोलकीपर! मी कधी सुचवले नव्हते. वर मला ताकीद, "बाबा, तूं मॅचीक येवं नाका." मला माझी ख्याती माहीत आहे, त्यामुळे मी कारण विचारले नाही.

गेल्या वर्षी पेडण्याला आमच्या मूळ गावाजवळ एक स्पर्धा होती. मी न सांगता गेलो आणि आंब्याच्या आडोशाला उभा राहिलो. शेवटची पाच मिनिटे, ०-०. कॉर्नर आला, पोरगा उडी मारून बॉल ठोसायला गेला आणि बॉल त्याच्याच हाताला लागून आत. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाने शिवी घातली. शब्दशः तीच, मी २०१५ साली घातलेली. मी त्याच्याकडे पाहिले. साधा माणूस, माझ्यासारखाच, बहुतेक कुठल्यातरी कचेरीतला. काय बोलणार त्याला?

मॅच संपल्यावर त्यांचे सर मैदानात गेले. शाळेत पीटी शिकवणारे साधे गृहस्थ. पोराच्या डोक्यावर टपली मारली, काहीतरी दोन शब्द बोलले आणि बॉलची जाळी त्याच्याच खांद्यावर दिली. पुढच्या रविवारी गोलमध्ये पुन्हा तोच. माझ्या प्रशिक्षकांच्या यादीत कुलासोंच्या शेजारी मी या सरांना बसवले आहे, आणि झिको त्यांच्या खाली!

घरी येताना मी त्याला सगळे सांगितले. झिकोची पेनल्टी, बार्बोसा, २०२२चे ते तीन बचाव. मग धीर करून म्हटले, "तुवें मागीर एकदां विचारिल्लें, तो मनीस वायट काय म्हूण. तो वायट नासलो रे. वायट हांव उलयिल्लों."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "खंयचो मनीस?"

त्याला काहीच आठवत नव्हते! दहा वर्षे मी एकटाच ते ओझे वाहत होतो.

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ साली, अल नस्रचा संघ फातोर्ड्यावर आला. लोकांनी तिकिटे काढली रोनाल्डोसाठी. रोनाल्डो आलाच नाही. आपण २-१ हरलो, पण गोव्याचा एकमेव गोल कुणी मारला, तर आपल्या ब्रायसन फर्नांडिसने! आम्ही दोघेही होतो. मुलाने मला एका अटीवर सोबत नेले होते, नव्वद मिनिटे तोंड बंद. दुसऱ्या गोलनंतर मागचे लोक ओरडू लागले तेव्हा त्याने हळूच माझ्याकडे पाहिले. मी चणे खात बसलो होतो.

असो. उद्या कचेरीत मडगावकर मित्राला हे वाचायला देणार आहे.