धुक्यातले आठ किलोमीटर

आमच्या फ्रीजवर सध्या एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर बायकोच्या सुवाच्य अक्षरात चार रकाने आहेत : कुठे, कुठल्या वाटेने, परत किती वाजता, सोबत कोण. शनिवारी पळायला जाण्याआधी मी तो भरायचा. न भरता गेलो तर काय, ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही!

तर त्या कागदाची ही गोष्ट.

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट ब्रिज ओलांडला की डाव्या हाताला समुद्रात घुसलेले डोंगर दिसतात. ते मरिन हेडलँड्स. आत जायला एक अरुंद बोगदा आहे. त्यात एका वेळी एकाच बाजूची वाहतूक, त्यामुळे लाल दिवा लागला की पाच मिनिटं गप्प बसून राहायचं. बोगद्याच्या पलीकडे माझ्या मोबाइलची रेंज जाते. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

मी मूळचा रस्त्यावर पळणारा. घड्याळ बघत, दर किलोमीटरचा हिशोब ठेवत. ट्रेलवर पळायचं खूळ ऑफिसातल्या एका मित्रानं डोक्यात घातलं. जुलैतल्या एका शनिवारी रोडिओ बीचवरून सुरू होणारा लूप करायचं ठरलं. समुद्राला लागून कोस्टल ट्रेलनं हिल ८८ पर्यंत वर, मग वुल्फ रिजनं खाली, मिवॉक ट्रेलनं दरीत आणि तळ्याच्या कडेनं परत बीचवर. साधारण आठ किलोमीटर आणि तीनेकशे मीटरची चढाई. लहानपणापासून सिंहगड चढलेल्या पुणेकराला एवढं काय!

शुक्रवारी रात्री मित्राचा मेसेज आला. मुलाला ताप, येत नाही. मी बायकोला काही बोललो नाही. 'एकटा जाऊ नकोस' हे वाक्य मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, इतकं साधं कारण. सकाळी सहाला ती अर्धवट झोपेत असताना 'ब्रिजपलीकडे डोंगरात जातोय, साडेदहापर्यंत येतो' एवढं पुटपुटलो आणि निघालो.

बीचवर पोचलो तर समोरचा समुद्र गायब. जुलै महिना आणि दात वाजतायत! इथलं गणित उलटं आहे. उन्हाळ्यात आतल्या खोऱ्यात पारा चाळिशीकडे जातो, तिथली हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा आत ओढली जाते. त्यात या किनाऱ्याला खोलातलं गार पाणी वर येत असतं, त्यावरून येताना त्या हवेचं धुकं होतं. सॅक्रामेंटोत लोक घामाघूम होतात तेव्हा इथे जॅकेट लागतं. माझं जॅकेट गाडीत होतं. पळताना गरम होतंच की, म्हणून मी ते तिथेच ठेवलं.

चढ सुरू झाला आणि दहा मिनिटांत मी चालायला लागलो. खरं तर ट्रेलवर चढ चालतच चढायचे असतात, भले भले चालतात. पण घड्याळ किलोमीटरला बारा मिनिटं दाखवत होतं आणि ते मला टोचत होतं. वाटेत डावीकडे बॅटरी टाउन्सली लागते. १९४० साली इथे सोळा इंच व्यासाच्या दोन तोफा बसवल्या होत्या. साडेनऊशे किलोचा गोळा चाळीस किलोमीटर लांब समुद्रात टाकायची त्यांची ताकद. युद्धात शत्रूवर एकही गोळा न टाकता त्या भंगारात गेल्या. वर हिल ८८ वर नाइकी क्षेपणास्त्रांसाठीचं रडार असायचं, तेही १९७४ साली बंद झालं. आता तिथे रिकाम्या खोल्या, रंगवलेल्या भिंती आणि वारा. स्वच्छ दिवशी इथून काय काय दिसतं, हे मी नंतर फोटोत पाहिलं. त्या दिवशी मला माझे बूट दिसत होते.

मग उतार. इथे माझं चुकलं. चढात गेलेला वेळ उतारात काढायचा म्हणून मी सुटलो.

या डोंगरांचा लालसर दगड म्हणजे चर्ट. खोल समुद्राच्या तळाशी रेडिओलेरिया नावाच्या सूक्ष्म जिवांची कवचं साचून तो बनला, हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर या वेगानं. आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टहून हा कितीतरी जुना. त्याचे बोटभर जाडीचे थर रस्त्याकडेला इतके सुबक दिसतात की एखाद्यानं विटा रचल्यात असं वाटावं. मात्र फुटला की त्याच्या कोनेदार कपच्या होतात, आणि ओल्या उतारावर त्या गोट्यांसारख्या पायाखालून निसटतात. डावा पाय आत वळला, 'कट' असा आवाज आला आणि मी वाटेवर बसलो. झुडपात नाही पडलो हे नशीब. तिथे पॉयझन ओक असतो, म्हणजे आपल्या खाजकुइलीची अमेरिकन मावसबहीण!

पहिली पाच मिनिटं मी काहीच केलं नाही. मग फोन काढला. रेंज शून्य. उपग्रहावरून मदत मागता येणारे फोन असतात, माझा त्यातला नव्हता. घाम गार पडला आणि मी थरथरायला लागलो.

वीसेक मिनिटांनी धुक्यातून एक आजी पळत आल्या. सत्तरीच्या तरी असतील. पाठीवर छोटी सॅक. न विचारता खाली बसल्या, सॅकमधून इलॅस्टिक बँडेज काढलं आणि बुटासकट घोट्याला आवळलं. एक पातळ जॅकेटही दिलं, ते मला खांद्यात बसत नव्हतं तरी मी कोंबून घातलं. मग त्यांनी विचारलं, तू इथे आहेस हे कुणाला माहीत आहे?

मी म्हटलं, बायकोला.

खोटं बोललो. तिला मी फक्त 'डोंगरात' एवढंच सांगितलं होतं. आजी माझ्या बाजूनं पूर्ण दरी उतरल्या, त्यांचा स्वतःचा रन सोडून. धुक्याच्या खाली आलो तेव्हा आजूबाजूला नुसतं गवत आणि झुडपं, एक घर नाही. १९६० च्या दशकात या टेकड्यांत मरिनसेलो नावाचं तीस हजार वस्तीचं शहर वसवायचा घाट होता, लोकांनी लढून तो हाणून पाडला, असं आजी सांगत होत्या. बहुधा माझं लक्ष दुखण्यावरून काढायला. मी 'अच्छा, अच्छा' करत होतो. डोक्यात एकच : साडेदहा वाजून गेले.

गाडीशी पोचायला सव्वाअकरा झाले. बोगद्याचा दिवा लाल! ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. बाहेर पडल्यावर फोन वाजायला लागला तो थांबेचना. चौदा मिस्ड कॉल.

तिनं मित्राला फोन केला होता. तो म्हणाला, अगं मी तर घरीच आहे. मग तिनं ९११ लावायला फोन हातात घेतला. "आणि मग मला कळलं," ती संध्याकाळी म्हणाली, "की ते 'कुठे?' विचारतील आणि मला सांगता येणार नाही. नकाशा उघडला तर ब्रिजपलीकडे सगळे डोंगरच. कुठल्या डोंगरावर शोधा म्हणून सांगणार होते मी?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बर्फाची पिशवी माझ्या पायावर धरून हे अगदी हळू बोलत होती.

पाय सहा आठवडे घरी. आजींचं जॅकेट आणि बँडेज मी निघतानाच परत केलं होतं, नाव विचारायचं मात्र राहून गेलं. मित्राशी दोन दिवस जरा अवघडलेपण होतं. कागद त्याच रविवारी लागला.

काल पहिल्यांदा तो भरला. मरिन हेडलँड्स. रोडिओ बीच, कोस्टल, हिल ८८, वुल्फ रिज, मिवॉक, परत बीच. अकरा. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून पेन थोडा वेळ हातात धरून उभा राहिलो आणि लिहिलं : एकटा.

ती चहाचा कप घेऊन आली, कागद नीट वाचला.

"जॅकेट घेतलंस?" म्हणाली.